पाना उचलण्याआधी : बोटीचं डिझेल इंजिन बंद पडल्यावरची तयारी

नांगर टाका. पहिलं काम हेच, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. वाहत्या बोटीत केलेली दुरुस्ती निम्मी फसते, कारण एक डोळा सारखा किनाऱ्याकडे लागलेला असतो. नांगर पोचणार नाही इतकं पाणी खोल असेल तर एकाला बाहेर नजर ठेवायला बसवा आणि रेडिओ संकटाच्या हाकेच्या चॅनल १६ वर चालू ठेवा. मग इंजिनघराकडे वळा. झाकणाच्या फटीतून धूर येत असेल तर ते सताड उघडू नका, आत हवा गेली की धुमसणारी आग भडकते. अग्निशामक आधी हातात हवा. बोटीवर स्वयंपाकाचा गॅस असेल तर तळाशी वाकून वास घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून राहतो आणि सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची) एक ठिणगी त्याला पुरते.

यानंतर पाना नाही, वही काढा. इंजिन कसं बंद पडलं ते आत्ताच लिहून ठेवा, तासाभराने प्रत्येकाची आठवण वेगळी झालेली असते. आवाज वरखाली होत, आचके देत हळूहळू थांबलं असेल तर दहातल्या आठ वेळा डिझेल पोचत नाहीये असं मी धरून चालतो. गिअरमध्ये असताना हिसका बसून थांबलं, न्यूट्रलला सुरू होतंय आणि गिअर टाकला की पुन्हा मरतंय, तर बोट ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्यात दोर किंवा जाळं अडकलंय. अशा वेळी पाण्यात उतरणाऱ्याने इंजिनाची किल्ली स्वतःच्या खिशात घालूनच उतरायचं. बंद पडण्याआधी तापमानाचा काटा चढत होता का? धूर कुठल्या रंगाचा होता? शेवटचं काम इंजिनावर कोणी आणि काय केलं होतं? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण कालच बदललेला फिल्टर हा आजच्या बिघाडातला पहिला संशयित असतो.

जुन्या, साध्या पंपाचं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज उरत नाही. त्यामुळे चालता चालता बंद पडलेल्या इंजिनासाठी बॅटरीला दोष देण्यात वेळ घालवू नका. अपवाद एकच: काही इंजिनांवरचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल अडवणारा विजेवरचा खटका, वीज असेपर्यंतच डिझेल सोडतो. तिथे एखादी सैल वायर किंवा उडालेला फ्यूज इंजिन झटक्यात थांबवतो.

हत्यारं थोडीच लागतात. ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने, खाचेत घट्ट बसणारे स्क्रू ड्रायव्हर, फिल्टर सोडवायचा पट्टा, मल्टिमीटर, डोक्याला बांधायची बॅटरी, काठीला लावलेलं चुंबक, छोटा आरसा. पारदर्शक नळीचा हातभर तुकडा आणि कापलेली प्लास्टिकची बाटली, म्हणजे काढलेलं डिझेल तळाशी सांडणार नाही. चिंध्या मोजून घ्या आणि काम संपल्यावर पुन्हा मोजा. सुट्या भागांत डिझेलचे दोन्ही फिल्टर त्यांच्या रबरी कड्यांसकट, इंपेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक) त्याच्या गॅस्केटसकट, एक बेल्ट, फ्यूज, होस क्लिपा, ऑइल, कूलंट, आणि वेगवेगळ्या मापांचे तांब्याचे वायसर. या वायसरपायी अख्खा दिवस वाया गेलेले लोक मी पाहिले आहेत. नवा नसेलच तर जुना लालबुंद तापवून गार करा, तांबं पुन्हा मऊ होतं आणि तात्पुरतं काम भागतं.

आणि चार-पाच लिटर स्वच्छ डिझेलचा डबा. लोक तो जास्तीचं इंधन म्हणून ठेवतात, मी तो निदानासाठी ठेवतो. टाकीची नळी सोडवून लिफ्ट पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) नळी थेट या डब्यात बुडवायची, एअर म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा काढायची आणि इंजिन सुरू करायचं. नीट चाललं तर पंप, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड), कॉम्प्रेशन सगळं ठीक आहे आणि बिघाड टाकी, तिचा व्हॉल्व्ह, नळी किंवा पहिला फिल्टर यांपैकी कशात तरी आहे. एका चाचणीत अर्धं इंजिन संशयातून सुटतं. ही चाचणी करण्याआधी टाकीचं झाकण सैल करून पाहा. हवा सुस्कारत आत गेली तर टाकीची हवा घेणारी नळीच चोंदलेली आहे, दुसरं काही उघडायची गरज नाही.

सेल्फ मारण्याआधी तीन गोष्टी. पहिली, ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधी दिसत असेल तर त्यात पाणी आहे. पातळी वाढलेली आणि वास डिझेलचा, तर लिफ्ट पंपाचा पडदा फाटून डिझेल खाली उतरतंय. दोन्ही वेळी इंजिन चालवायचं नाही. दुसरी, मुख्य स्विच बंद ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि इंजिन हाताने एक-दोन फेरे फिरवा. अजिबात फिरत नसेल तर जोर करू नका. सायलेन्सरमधून उलटं आलेलं पाणी सिलिंडरमध्ये साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून इंजिन फिरवलं की ते पाणी बाहेर फेकलं जातं. ते खारं असेल तर पुढचं काम उद्यावर टाकू नका. तिसरी, समुद्राचं पाणी आत घेणारा सी-कॉक. इंजिन सुरू न होता सेल्फ पुन्हा पुन्हा मारला की पंप पाणी ओढत राहतो, पण ते बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि वर सांगितलेला प्रकार घडतो. म्हणून लांबलचक सेल्फ मारायचा असेल तर सी-कॉक बंद करा, त्याच क्षणी किल्लीला एक चिंधी बांधा, आणि इंजिन पेटल्याबरोबर तो उघडा.

सेल्फचं थोडक्यात. नुसता टक् आवाज येत असेल तर आधी टर्मिनल घासून घट्ट करा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी भार नसताना १२.६ च्या आसपास दाखवते, १२ च्या जवळ आली की ती जवळपास रिकामी आहे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा जोडण्या, दोघांपैकी एक गेलेलं आहे. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, आणि मधे मिनिटभर विश्रांती. ग्लो प्लगवर (गार सिलिंडर आधी तापवणाऱ्या कांडीवर) बारा व्होल्ट पोचतात का तेही बघा. आणि इंजिन पटकन पेटावं म्हणून मिळणारा ईथरचा फवारा ग्लो प्लग असलेल्या इंजिनावर मारू नका, पिस्टनच्या कड्या तुटतात किंवा हवेच्या वाटेतच भडका उडतो.

आता डिझेल. सेल्फ फिरतोय आणि एक्झॉस्टमधून धुराचा लवलेशही नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल येतच नाहीये. आधी स्टॉपचा लिव्हर ओढलेला राहिला नाही ना ते पाहा, हसू नका. मग पहिल्या फिल्टरच्या तळाचं पाणी पारदर्शक बाटलीत काढा. पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं. मधे काळपट, शेवाळासारखा चिकट थर दिसला तर टाकीत जंतू वाढलेत. ते पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जगतात. फिल्टर बदलून आजचा दिवस निघेल, पण टाकी धुतल्याशिवाय तोच फिल्टर पुन्हा भरणार.

एअर काढताना टाकीकडून नोझलकडे, याच क्रमाने जायचं. पहिला फिल्टर, दुसऱ्या फिल्टरवरचा स्क्रू, इंजेक्शन पंपावरचा (नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपावरचा) स्क्रू, मग नोझलच्या नळ्यांचे नट. लिफ्ट पंपाचा लिव्हर खालीवर करत राहा आणि स्क्रूमधून बुडबुडे थांबून अखंड धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. लिव्हर अगदी मोकळा हलत असेल तर पंप गेला असं समजून तो काढायला बसू नका. आत कॅम वर चढून थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हरला ताण येतो. शेवटी नोझलचे नट अर्धा-एक फेरा सैल करून, रेस पूर्ण देऊन सेल्फ मारा आणि डिझेल उडायला लागलं की आवळा. इथे हात मधे आणायचा नाही. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते पण लगेच रुग्णालय गाठावं लागतं. कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारं नवं इंजिन) असेल तर हे नट सैल करायचेच नाहीत, तिथला दाब हजार बारच्या वर असतो.

एअर काढूनही पुन्हा धरत असेल तर गळती ओढणाऱ्या बाजूला आहे, म्हणजे टाकी ते लिफ्ट पंप. तिथे बाहेर थेंबही दिसत नाही, कारण आत हवा ओढली जाते. मी एकदा दोन तास एअर काढत बसलो होतो. जुन्या फिल्टरचं रबरी कडं वरच चिकटून राहिलं होतं आणि मी त्यावर नवं चढवलं होतं.

तापून बंद पडलं असेल तर झाकण उघडण्याआधी गार होऊ द्या, वरून थंड पाणी ओतू नका. मागे एक्झॉस्टबरोबर पाणी पडत होतं का ते आठवा. पडत नसेल तर सी-कॉक, जाळी, मग इंपेलर. इंपेलरची पाती मोजा, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने कूलंट गार करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी शोधून बाहेर काढा. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. पाणी थोडंच पडत असेल तर एक्झॉस्टचा बाक काढून आत बघा, काजळी आणि मिठाने भोक बोटाएवढं उरलेलं असतं.

इंजिन चालतंय पण धूर येतोय, तर काळा म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त (हवेच्या फिल्टरइतकाच शेवाळलेला पंखाही तपासा), निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढऱ्यात फरक करावा लागतो. डोळ्यांना झोंबला तर न जळलेलं डिझेल, आणि नुसती वाफ वाटून कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांमधली पट्टी) गेलेलं. आणि इंजेक्शन पंप बोटीत उघडायचा नाही. त्याच्या प्लंजरमधली फट काही मायक्रॉनची असते, तिथे चिंधीचा एक धागाही खूप झाला. नोझल काढून चाचणीला न्या, पंप अख्खा द्या.

सुरू झाल्यावर हात पुसायची घाई नको. उघडलेल्या प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि दहा मिनिटं मंद चालवा. मग बोट घट्ट बांधून, गिअर टाकून पंधरा मिनिटं भारावर चालवा, कारण उरलेली हवा मंद आवाजात दडून राहते आणि नेमकी भारावर इंजिन मारते. या सगळ्यात बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जळतात. वापरलेले भाग वहीत टिपा आणि प्रत्येकी दोन मागवा. चिंध्या मोजा. एक कमी भरली तर आधी किल्लीकडे बघा.