स्पिरुलिनाची काढणी : कापडाने गाळण्याची रीत

सूक्ष्म शैवाल पाण्यात वाढवणे एक वेळ सोपे, पण ते पाण्यातून बाहेर काढणे कष्टाचे असते, कारण हिरव्यागार दिसणाऱ्या हौदातही लिटरमागे कोरडे शैवाल जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम भरते. साध्या कापडाने हे काम ज्यात खरोखर साधते ते शैवाल म्हणजे खाण्यासाठी वाढवले जाणारे स्पिरुलिना. शास्त्रीय वर्गीकरणात त्याची गणना सायनोबॅक्टेरियांत, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जीवाणूंत होते, तरी व्यवहारात त्याला शैवालच म्हणतात. त्याचे मळसूत्री तंतू बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लांब असल्यामुळे 30 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या पॉलिएस्टर किंवा नायलॉन कापडावर ते अडकतात.

काढणी सकाळी लवकर करावी, म्हणजे वाळवणाला दिवसभराचे ऊन मिळते. पांढरी चकती काठीला लावून हौदात बुडवावी. दोन-तीन सेंटिमीटर खोलीवरच ती दिसेनाशी झाली, तर शैवाल काढणीला आले असे समजावे. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाणी गाळू नये, नाहीतर उरलेले शैवाल विरळ होऊन कडक उन्हाने मार खाते. 1000 लिटरच्या हौदात लिटरमागे अर्धा ग्रॅम शैवाल असेल, तर सुमारे 330 लिटर गाळून हाती फार तर 165 ग्रॅम कोरडा माल येतो. एवढ्याशा मालासाठी इतकी खटपट कशाला, असे पहिल्यांदा प्रत्येकालाच वाटते.

पाणी आधी मच्छरदाणीसारख्या जाड जाळीतून घ्यावे, म्हणजे किडे, पाने आणि गुठळ्या वरच राहतात. मग ते चौकटीवर तिरपे ताणलेल्या बारीक कापडावर सावकाश ओतावे. वेगाने फिरणाऱ्या पंपात तंतू तुटतात आणि तुटलेले तुकडे कापडातून निसटतात, म्हणून लहान प्रमाणावर बादलीच बरी. खरी अडचण छिद्रांच्या मापाची नसून कापड तुंबण्याची असते. शैवालाचा थर बसू लागला की पाणी थबकते, आणि अशा वेळी हाताने घासण्याचा मोह आवरावा. चौकट हलकेच हलवून लगदा उताराच्या कडेला सरकू द्यावा. गाळलेले पाणी हिरवे दिसले, तर कापड फाटले आहे किंवा तंतू तुटले अथवा सरळ झाले आहेत; निळसर दिसले, तर पेशी फुटून आतले निळे रंगद्रव्य बाहेर पडले आहे. एरवी हे पाणी टाकून न देता हौदात परत सोडावे, कारण त्यात सोडियम बायकार्बोनेट आणि इतर पोषक क्षार असतात.

जमलेला लगदा श्रीखंडाच्या चक्क्यासारखा फडक्यात बांधून त्यावर हळूहळू वजन वाढवावे. एकदम जोर दिला तर लगदाच कापडातून बाहेर येतो. दाबल्यावर बरेचसे खारे पाणी निघून जाते, त्यामुळे धुण्याची गरज फारशी उरत नाही. धुवायचेच असेल तर झटपट धुवावे, कारण गोड्या पाण्यात फार वेळ राहिल्यास पेशी फुटतात. घट्ट गोळा सोऱ्यात घालून त्याच्या शेवया पाडाव्यात आणि त्या 60 अंश सेल्सिअसच्या आत त्याच दिवशी वाळवाव्यात, कारण ओला माल लवकर नासतो. आफ्रिकेतल्या चाड देशात कानेम भागातील स्त्रिया हाच लगदा वाळूतल्या उथळ खळग्यांत ओततात. पाणी वाळूत झिरपते आणि वर वाळलेली वडी उरते, तिला दिहे म्हणतात.

ही रीत ओळखीच्या, शुद्ध वाणाच्या हौदापुरतीच आहे. तळ्यावरची हिरवी साय गाळून खाऊ नये, कारण तिच्यात यकृताला घातक विष असू शकते.

क्लोरेला या दुसऱ्या सूक्ष्म शैवालाची गोल पेशी 2 ते 10 मायक्रॉनची असल्याने ती या कापडातून सरळ पार होते. तिच्यासाठी कायटोसानसारख्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणाऱ्या) पदार्थाने आधी गुठळ्या बांधाव्या लागतात, किंवा पाणी गाळणीच्या पृष्ठाला समांतर वाहते ठेवणारी पटल-गाळणी वापरावी लागते. त्या प्रवाहाने थर सतत धुतला जातो. तुरटीनेही गुठळ्या बांधल्या जातात, पण तिचे ॲल्युमिनियम मालात उरत असल्याने खाण्याच्या शैवालासाठी ती घेऊ नये.