पोच घेतलीस का?

रबाळे एमआयडीसीत एका छोट्या जॉबवर्कवाल्यांकडे ऑफिस असिस्टंट म्हणून लागले तेव्हा वाटायचं, पत्र काय लिहायचं त्यात, दहावीला लिहिलंच आहे की, विषय, महोदय, आपला विश्वासू, झालं. तेवढं तुम्हालाही येतं म्हणून फॉरमॅट सांगत बसत नाही. मी जिथे आपटले ते सांगते.

एका पार्टीकडे आमचं २ लाख ४० हजारांचं बिल अडकलेलं. मी मस्त पत्र लिहिलं, सरांनी सही केली, ऐरोलीला त्यांच्या गेटवर स्वतः नेऊन दिलं. वॉचमन म्हणाला "ठेवा मॅडम, वर देतो". ठेवलं आणि आले. दोन महिन्यांनी त्यांचा अकाउंट्सवाला शांतपणे म्हणतो, असं पत्र आलंच नाही आमच्याकडे. माझ्याकडे काय होतं, तर वर्डची फाईल! सर ओरडले नाहीत, नुसते बघत राहिले, ते जास्त लागलं.

म्हणून कंटाळा आला तरी ऐका. दोन प्रती काढायच्या, एक त्यांची, एक आपली स्थळप्रत, म्हणजे ओसी. ओसीवर त्यांचा आवकचा, म्हणजे इनवर्डचा शिक्का, तारीख, सही, हीच पोच. शिक्का पुसट उठला तर परत मारायला सांगा, लाजू नका. इनवर्डवाला जेवायला गेलाय म्हणाले तर बसून राहा, पण वॉचमनकडे ठेवायचं नाही म्हणजे नाही. सरकारी ऑफिसात आवक क्रमांकही लिहून घ्या, पुढच्या पत्रात संदर्भ म्हणून तोच लागतो, नुसतं "आमचे मागील पत्र" लिहिलंत तर कोणी शोधत नाही. लांब पाठवायचं तर स्पीड पोस्ट (रजिस्टर्ड २०२५ मध्ये त्यातच गेलं), पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट ओसीला पिन करा. ईमेल एकट्या माणसाला नको, तो नोकरी सोडून गेला की तुमचं पत्रही गेलं.

बाकी मजकुराचं एवढं टेन्शन घेऊ नका, पहिली दहा पत्रं सगळ्यांचीच वाईट होतात. वसुलीच्या पत्रात बिल नंबर, तारीख, रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत पैसे हवेत ते लिहा, "लवकरात लवकर" ही तारीख नाही. तुमच्या कंपनीचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघु उद्योगात असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यात पेमेंटची मुदत करार करूनसुद्धा ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण ही तोफ पहिल्याच पत्रात डागू नका, पार्टी उद्याही लागणार असते. उलट तुम्हीच अशा छोट्या सप्लायरकडून माल घेतला आणि खराब निघाला तर फोनवर भांडत बसू नका, १५ दिवसांत लेखी कळवलं नाही तर माल स्वीकारला असंच धरतात.

राजीनाम्यात रडगाणं नको, शेवटचा दिवस लिहा, बास.

आमचे अकाउंटंट काका म्हणायचे जुनं पत्र उघड, नाव बदल. एकदा तसं केलं आणि विषयात दुसऱ्याच पार्टीची रक्कम राहिली. एआयचंही तेच, वसुलीच्या पत्रात मला "कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे" असं लिहून दिलं होतं.

ते ऐरोलीचं दुसरं पत्र मीच घेऊन गेले. इनवर्डवाला खरंच जेवायला गेला होता, पाऊण तास बसले. पैसे तीन हप्त्यांत आले, शेवटचा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात.