साथीच्या तयारीची यादी: आधी हवा

२०२०च्या साथीत घराघरांतून दाराच्या कड्या घासल्या गेल्या, सामानाच्या पिशव्या जंतुनाशकाने पुसल्या गेल्या, आणि हे सगळं चालू असताना खिडक्या बंद होत्या. श्वसनमार्गाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, पण बहुतेकांच्या यादीत हवा नव्हतीच. म्हणून ही यादी हवेपासून सुरू होते आणि फिरून फिरून हवेवरच येते. कंटाळा आला तरी हा भाग गाळून औषधांकडे उडी मारू नका. यातली बरीच कामं साथ नसतानाच उरकावी लागतात. साथ आल्यावर मास्क मिळत नाहीत, फिल्टर मिळत नाहीत आणि अडकलेली खिडकी सोडवायला कुणी घरात यायला तयार नसतं.

बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही आपल्या तोंडातून बारीक कण बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटर अंतरात खाली पडतात. बारीक कण कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि साचत जातात. मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण होते, त्यांतल्या एकाला आधीपासून लक्षणं होती. अखेरीस त्यांच्यातले ५३ रुग्ण निघाले आणि दोघं दगावले. हा आकडा लक्षात ठेवा आणि मग घरातली प्रत्येक खोली तपासायला उठा.

प्रत्येक खिडकी खरोखर उघडते का, हात लावून बघा. रंगाने चिकटलेली, पुढे कपाट आलेली, जाळी धुळीने गच्च झालेली खिडकी असून नसल्यासारखी. जाळी काढून धुवा. धूळ बसलेल्या जाळीतून वारा येतो असं वाटतं, पण फारच थोडा येतो. समोरासमोर दोन उघड्या जागा असतील तर उत्तम. एकाच बाजूला खिडकी असेल तर त्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा: आतली हवा ढकलून बाहेर काढली की दाराकडून ताजी हवा आपोआप येते. फॅन आत तोंड करून ठेवण्याची चूक हमखास होते. ज्या खोलीत आजारी माणूस आहे तिथे हे केलं तर त्याच्या श्वासातली हवा दाराखालच्या फटीतून सगळ्या घरात जाते. खात्री करायची असेल तर पातळ कागदाची पट्टी त्या फटीपाशी धरा. पट्टी आजाऱ्याच्या खोलीकडे ओढली गेली पाहिजे. बाहेरच्या बाजूला फडफडली तर हवेची दिशा उलटी आहे, फॅन फिरवा.

एसीबद्दल एकदाच सांगतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, विषाणूचे बारीक कण अडवत नाही. एसी लावून दारं-खिडक्या बंद करून पाहुण्यांना बसवणं म्हणजे एकमेकांचा श्वास वाटून घेणं. एसी लावायचाच असेल तर खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि वाढलेलं बिल भरा.

हवा शिळी झाली की नाही हे नाकाला कळत नाही, कारण खोलीत बसलेल्याला तिची सवय होते. कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर घ्या. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास दाखवतो. माणसं असलेल्या खोलीत ८००च्या खाली आकडा ठीक, १०००च्या वर गेला की खिडकी अजून उघडा, १५००वर पोचला की माणसं कमी करा किंवा उठून बाहेर जा. घेताना त्यात एनडीआयआर सेन्सर (अवरक्त प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा) आहे का ते वाचा. स्वस्त मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात, सॅनिटायझरची बाटली उघडली तरी त्यांचा आकडा चढतो. गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात कुठल्याच मीटरचा आकडा धरू नका.

खिडकी उघडणं शक्यच नसेल तर फिल्टर. हेपा फिल्टरचं (अतिशय बारीक कणही अडवणारं) यंत्र घेताना ‘मोठ्या खोलीसाठी’ असल्या शब्दांवर जाऊ नका, सीएडीआरचा, म्हणजे यंत्र तासाला किती हवा स्वच्छ करतं त्याचा, आकडा बघा आणि गणित करा. ४ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. तासाला किमान ५ वेळा हवा स्वच्छ व्हायला १८० घनमीटर लागतात. हा आकडा मधल्या वेगावर मिळाला पाहिजे, कारण पूर्ण वेगावर यंत्र इतका आवाज करतं की रात्री कुणीतरी ते बंद करतंच. ओझोन सोडणारं यंत्र घरात आणू नका, ओझोनने फुप्फुसांना इजा होते. घरीही फिल्टर बनवता येतो. २०२०मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी चार-पाच मर्व्ह-१३ दर्जाचे (बारीक कण अडवणारे, चौकटीतले) फिल्टर आणि एक चौकोनी फॅन जोडून खोका तयार केला. तो उत्तम चालतो. फिल्टरवरचे बाण फॅनच्या दिशेने असावेत, सगळे सांधे चिकटपट्टीने बंद असावेत, आणि फॅनच्या तोंडावर गोल भोक पाडलेला पुठ्ठा हवा. पुठ्ठा विसरला तर कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते आणि फिल्टरमधून येणारी हवा कमी होते. फिल्टर लावला म्हणून मीटरचा आकडा उतरत नाही, कारण फिल्टर कण पकडतो, वायू नाही.

अजून एक गोष्ट हवेचीच. आजारी माणूस खोलीतून उठून गेला की खोली लगेच स्वच्छ होत नाही. तासाला ६ वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात. २ वेळा बदलत असेल तर १३८ मिनिटं. सगळ्यांचं स्वच्छतागृह एकच असेल तर हा हिशेब जिवावरचा आहे. आजाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी वापरावं, एक्झॉस्ट फॅन चालूच ठेवावा, दार लावून घ्यावं.

मास्क एन९५ किंवा त्याच दर्जाचा घ्या, प्रमाणपत्राचा क्रमांक त्यावर छापलेला असतो तो तपासून. दुसरं काही मिळालं नाही तर कापडी मास्क म्हणजे निदान काहीतरी, एवढीच त्याची किंमत. श्वास सोडायची झडप असलेला मास्क आजाऱ्याला देऊ नका, त्यातून त्याचा श्वास गाळल्याशिवाय बाहेर पडतो. वरचा पट्टा डोक्याच्या माथ्यामागे, खालचा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत बसवा. एका हाताच्या चिमटीने टोक होतं आणि तिथून हवा गळते. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांवर वारा आला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर पुन्हा बसवा. दाढीवर मास्क बसत नाही, वाद घालू नका. धुऊ नका, स्पिरिट फवारू नका: त्यातला स्थिर विद्युतभार जातो, आणि बारीक कण त्यानेच पकडले जातात. वापरलेला मास्क कागदी पिशवीत ठेवून फिरवून फिरवून वापरा. प्लास्टिकमध्ये तो दमट राहतो. पट्टा सैल पडला की टाका.

हात साबणाने २० सेकंद. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के, आणि विस्तवाजवळ नाही. ब्लीच कुठल्याही आम्लाच्या क्लीनरमध्ये किंवा अमोनियात मिसळू नका, विषारी वायू होतो. इतकं पुरे. पृष्ठभाग घासण्यात जितका वेळ जातो त्याच्या निम्मा खिडक्यांवर घालवा.

आता प्रतिकारशक्ती. ती डबीत विकत मिळत नाही. पहिली लस, तीही साथ शिगेला पोचायच्या आधी, कारण लशीचं संरक्षण उभं राहायला साधारण दोन आठवडे लागतात. फ्लूची लसही घ्या. दोन आजार एकत्र आले तर दोन्ही जड जातात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणण्याची वेळ आज आहे. संसर्गात साखर आपोआप चढते आणि चढलेल्या साखरेत आजार बिघडतो. धूम्रपान बंद करा. झोप सात तास. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू घातला होता. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने सर्दी होण्याची शक्यता सुमारे चौपट निघाली. व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं, ताप असताना मुळीच नाही.

व्हिटॅमिन सी आजारी पडल्यावर सुरू करून सर्दी लवकर जात नाही. व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा, पण डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज ४००० युनिटच्या वर जाऊ नका, ते शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. जस्त रोज ४० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ घेतलं तर तांबं कमी पडतं. वाफारा घेतल्याने विषाणू मरत नाही, भांडं मात्र अंगावर सांडतं, आणि भाजलेली लहान मुलं दवाखान्यात येतात.

औषधांचा डबा: डिजिटल थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र), दोन्हींच्या जादा बॅटऱ्या, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, नेहमीची औषधं महिनाभराची. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाहीच. यकृताचा त्रास, कमी वजन किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारून याहून कमी. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, वेष्टन वाचा, नाहीतर नकळत दुप्पट होतं. ताप आलेल्या मुलांना ॲस्पिरिन नाही. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. आणि स्टिरॉइड स्वतःहून सुरू करू नका, कुणी कितीही छातीठोक सांगो. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नाही.

ऑक्सिमीटर निरोगी असतानाच लावून आपला आकडा लिहून ठेवा. उंचावर राहणाऱ्यांचा तो मुळातच कमी असतो. पाच मिनिटं बसून, हात ऊबदार करून, नखाला रंग नसताना, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, म्हणून माणसाला धाप लागली असेल तर यंत्राचं ऐकू नका.

घरातली एक खोली आजच ठरवा, आजाऱ्याची. निवड मोठ्या पलंगावरून करू नका, खिडकीवरून करा. काळजी घेणारं माणूस एक, आणि ते पडलं तर दुसरं कोण, हेही नावानिशी. आत जाताना आजारी आणि काळजी घेणारं, दोघांनीही मास्क, दार बंद, खिडकीतला फॅन बाहेर तोंड करून. थंडी वाजते म्हणून आजारी माणूस खिडकी लावायला सांगेल. जास्तीचं पांघरूण द्या, खिडकी लावू नका.

आजार आला की कागदावर तारखेनिशी ताप, नाडी, ऑक्सिजन दिवसातून तीनदा लिहा. लक्षणं सुरू झालेला दिवस ठळक लिहा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. कोविडसारख्या आजारात पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघाड होतो, ताप उतरला म्हणून त्या दिवसांत नोंदी सोडू नका. ऑक्सिजनचा आकडा बसून ९४च्या खाली किंवा चालल्यावर ३ अंकांहून जास्त घसरण: डॉक्टर. ९०च्या खाली, छातीत दुखणं, असंबद्ध बडबड, जाग न येणं, ओठ निळे: वाट न बघता रुग्णालय. अंगावर काढू नका.

रुग्णालयात न्यायची पिशवी: नोंदींचा कागद, औषधांची यादी, ॲलर्जी, ओळखपत्र, चार्जर, चष्मा, दातांची कवळी.

बरं वाटल्यावर लगेच धावपळ नको. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी थकवा वाढत असेल तर काम अजून कमी करा. तीन महिन्यांनंतरही धाप, धडधड किंवा विसराळूपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा. डबा पुन्हा भरा, ऑक्सिमीटरमधली बॅटरी काढून ठेवा, गळली तर यंत्र जातं.