घरच्या घरी गाडीच्या एसीत गॅस भरताना

बॉनेटखालचं स्टिकर आधी वाचा: एसीचा गॅस आर-१३४ए प्रकारचा असेल तरच पुढे जा. गॅस किती ग्रॅम लागतो, तेही तिथंच असतं.

गॅस आपोआप संपत नाही; कमी झाला म्हणजे बहुधा गळती आहे. साबणाचं पाणी लावून जोड तपासा. खानापूरकडच्या लाल मातीनं कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅस थंड करणारी जाळी) बुजला असेल, तर आधी तो धुवा. बऱ्याचदा दुखणं तिथंच असतं.

चष्मा-हातमोजे घाला. इंजिन, एसी, ब्लोअर पूर्ण चालू. गॅसच्या कॅनचा पाइप फक्त एसीच्या जाड नळीच्या ‘एल’ (कमी दाबाच्या) तोंडाला. ‘एच’ला (जास्त दाबाच्या) लावला तर कॅन फुटू शकतो. कॅन उभाच धरा, उलटा केल्यास द्रव आत जाऊन कॉम्प्रेसर बिघडतो. थोडा-थोडा सोडा. जास्त भरलात तर थंडावा उलट घटतो. पूर्ण रिकामी सिस्टीम मात्र बेळगावात नेऊन व्हॅक्यूम करूनच, म्हणजे आतली हवा पंपानं ओढूनच, भरून घ्या.