मीठ 'ना जालें' म्हणणाऱ्या पोरांना द्रावण कसं शिकवायचं

ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ घालून ढवळा आणि पाचवी-सहावीच्या वर्गाला विचारा काय झालं. अर्ध्या पोरांचं उत्तर ठरलेलं, "टीचर, मीठ ना जालें", म्हणजे कोंकणीत नाहीसं झालं. उरलेली म्हणतात वितळलं. दोन्ही चूक, आणि माझ्या मते मिश्रण-द्रावणाचा अख्खा धडा म्हणजे या दोन चुका काढणं. व्याख्या नंतर येतातच, म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर द्राव्य, द्रावक, समांगी वगैरे काही लिहू नका प्लीज.

आधी वितळण्याचं बघू. यात पोरांचा दोष नाही, आपणच घरी "आइस्क्रीम विरघळलं" म्हणतो, त्यात आपल्याकडे गोव्यात घरी कोंकणी, प्राथमिकला मराठी आणि पाचवीपासून पुस्तक इंग्रजी, मग शब्दांची भेळ होणारच. जानेवारीत सकाळी खोबरेल तेल थिजतं तेव्हा ती बाटली वर्गात न्या (नाहीतर बर्फाचा तुकडा चालेल), हातात धरायला द्या, तेल सुटतं. मग विचारा, दुसरी कुठली वस्तू लागली का? नाही, नुसती हाताची ऊब. मीठ मात्र पाण्याशिवाय हलत नाही, नुसतं तापवून वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस लागतील. एकच वस्तू आणि उष्णता म्हणजे वितळणं, दोन वस्तू लागल्या तर विरघळणं. पाचवीला एवढं पुरे.

आता 'ना जालें'. किचनमधला डिजिटल काटा आणा. १०० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम मीठ, ढवळायच्या आधी प्रत्येकाकडून वहीत आकडा लिहून घ्या की वजन किती भरेल. कुणी १०० लिहितं, कुणी ११०, आणि काट्यावर १२० आलं की जो गोंगाट होतो त्यासाठीच हा प्रयोग करायचा. चमचा बाहेर काढताना थेंब सांडू देऊ नका, नाहीतर ११९ येतं आणि मागच्या बाकावरचा एकजण "बघा, एक ग्रॅम ना जालें" म्हणतोच.

त्याच मापाने पुढे जा. नवीन १०० ग्रॅम पाणी घ्या आणि ५-५ ग्रॅमच्या पुड्या एकेक करून घाला, प्रत्येक पुडी नीट ढवळून. सात पुड्या जातात, आठवी तळाशी बसते ती बसतेच, कितीही ढवळा, कारण १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅमच मीठ मावतं. आता म्हणा याला संपृक्त द्रावण म्हणतात, शब्द डोक्यात बसतो. पाणी गरम केलं तर? सगळी पोरं म्हणतात खूप जाईल, पण मिठाला फारसा फरक पडत नाही, उकळत्या पाण्यातसुद्धा ३९ च्या आसपास. साखरेची गोष्ट वेगळी, साध्या पाण्यातच १०० ग्रॅमला २०० ग्रॅम जाते, कुणाला पटत नाही, करून दाखवा, घट्ट पाकासारखं होतं आणि ढवळून हात दुखतो.

सगळंच मिसळलेलं द्रावण नसतं हे सांगायला सोलकढीसारखी वस्तू नाही. सोलांचा लाल रंग पाण्यात विरघळलेला, मीठ विरघळलेलं, नारळाचा रस मात्र नुसता तरंगतोय, तासभर ठेवली की थर सुटतो. वर्गात अंधार करा, एका ग्लासात साखरेचं पाणी आणि दुसऱ्यात पाण्यात थेंबभर सोलकढी, बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा. साखरेच्या पाण्यात झोत जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्यात तरंगणाऱ्या नारळाच्या रसामुळे स्पष्ट दिसतो. इथे पाकिटातलं मीठ वापरू नका, ते मोकळं राहावं म्हणून त्यात दुसरं काहीतरी घातलेलं असतं, त्याने पाणी किंचित गढूळ होतं आणि प्रयोग फसतो.

वेगळं करण्याच्या प्रयोगाला मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं गावठी जाडं मीठ आणा. करडं दिसतं ना, ती मिठागराची माती. पाण्यात घाला, थोडा वेळ ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी कापडातून गाळा, माती कापडावर राहते आणि मीठ पाण्याबरोबर आरपार जातं. 'विरघळलेलं गाळून निघत नाही' हे डोळ्यांनी दिसतं. मग ते पाणी पसरट थाळीत उन्हात ठेवायचं.

इथे मी एकदा सपशेल आपटलोय. सिलॅबस जुलैत होता म्हणून थाळ्या जुलैत खिडकीत ठेवल्या, दोन आठवडे झाले तरी पाणी तसंच, रोज पोरं येऊन बघायची आणि माझ्याकडे बघायची. नंतर डोक्यात उजेड पडला, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ वाळत तर नाहीच, उलट हवेतलं पाणी ओढून घेतं, बरणीतलं मीठ पावसात ओलं होतं तसंच. तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा प्रयोग नको, किंवा मोठ्यांनी गॅसवर मंद आचेवर आटवा. शेवटी उडतं, झाकण धरा, पोरांना लांब ठेवा.

फेब्रुवारी ते मे मध्ये जमलं तर पोरांना मिठागरावर न्या, पेडण्यात आगरवाडा आहे, पणजीजवळ रायबंदर. मालकाला आधी विचारा. जायच्या आधी वर्गात एक गणित घाला: समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, आणि लिटरभर पाण्यात मावतं ३६० ग्रॅम मीठ, मग मीठ खाली बसायला किती पाणी उडायला हवं? दहातले नऊ भाग. मग तिथे गेल्यावर एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी का सोडत नेतात ते पोरं आपणहून सांगतात. शेवटच्या कप्प्यात कडेला जी पातळ साय धरलेली दिसते तिला बोट लावायला सांगा.