गव्हाची जुनी बर्बन कशी चाखावी: एका हळदवाल्याची वही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर माझी २८ वर्षं गेली. हळकुंड मोडायचं, कट्‌कन आवाज आला की आतला रंग बघायचा, मग नाकाशी न्यायचं, आणि मग भाव बोलायचा. एवढा सराव असून भाच्यानं अमेरिकेतून वेलर नावाची १२ वर्षांची बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, आणली, ती मी पहिल्या रात्री मटणाबरोबर सोडा-बर्फ घालून प्यालो. भाचा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. खालचं सगळं त्यानंतर शिकलेलं.

आधी माल कसला आहे ते समजून घ्या. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो, आणि आतून जाळून काळं केलेलं ओकचं कोरं पिंप लागतं. बहुतेक बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला राय नावाचं धान्य असतं, मिरीसारखं चुरचुरणारं. रायच्या जागी गहू घातला की ती व्हीटेड बर्बन. गहू मवाळ असतो. रायचा तिखटपणा नसल्यामुळे लाकडानं काय केलंय ते जिभेला सरळ कळतं. पिंप साधारण २०० लिटरचं. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आखडून परत येते आणि वर्षागणिक थोडी उडूनही जाते. म्हणून १५-२० वर्षांनी पिंपात उरतं ते कमी आणि दाट. बाटलीवरचा आकडा आतल्या सर्वांत कोवळ्या दारूचं वय सांगतो. मला मात्र चाखताना एकच बघायचं असतं: लाकडानं धान्य गिळलंय की अजून शिल्लक ठेवलंय?

वेळ सकाळी अकराची, जेवणाआधी. भडंग, तंबाखू, अगरबत्ती काही नको. हात बिनवासाच्या साबणानं धुवा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘मातीचा, हळदीसारखा सुंदर वास’ असं लिहिलंय. तो माझ्या बोटांचा होता.

ग्लास पोटाला रुंद, तोंडाला अरुंद असा घ्या. वाईनचा लहान ग्लास चालतो, स्टीलचा पेला नको. औषधाच्या मापानं २० मिलि ओता आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. आमच्याकडं हरिपूरला हळदीची पेवं असायची, जमिनीखालची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी वारा खेळू द्यायचा, मग कंदील सोडून बघायचं, तो विझला तर अजून थांबायचं. ग्लासाचंही तसंच. ओतल्या-ओतल्या नाक घातलंत तर नुसती स्पिरिटची झिणझिणी येते, आणि पुढची पाच मिनिटं नाक बधिर.

मग ग्लास हनुवटीजवळ आणा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूच हुंगा. पुस्तकी शब्द शोधत बसू नका, घरातले शब्द लिहा. मला पहिल्यांदा काकवी आली, मग चिक्कीचा पाक करपायच्या आधीचा वास, तासगावचे बेदाणे, खारीक, आणि मागून सुकं खोबरं. खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास ओकच्या लाकडातूनच येतो. ओला पुठ्ठा किंवा विझलेल्या काडीचा वास आला तर तोही लिहा, लाजू नका. नंतर तळव्यावर एक थेंब चोळा. स्पिरिट उडालं की खाली भाजलेल्या कणसाचा वास राहतो का बघा. राहिला तर धान्य जिवंत आहे.

पहिला घोट जीभ ओली करायला, त्यावर मत देऊ नका. दुसरा दहा सेकंद तोंडात फिरवा, गिळा आणि घड्याळ बघा. चव किती वेळ राहते यापेक्षा कशी राहते ते महत्त्वाचं. चांगल्या जुन्या मालाचा शेवट गुळाच्या खड्यासारखा विरघळत जातो. लाकूड जास्त झालं की हिरड्या आखडतात. पानातला कात एकटाच खाल्ल्यासारखं वाटतं, किंवा चार वेळा उकळलेला चहा.

मग पाणी, ड्रॉपरनं. बाटलीवर १०७ प्रूफ असेल तर अल्कोहोल त्याच्या निम्मं, म्हणजे ५३.५ टक्के. त्याच्या २० मिलित २ मिलि पाणी घातलं की ४८-४९ टक्क्यांवर येते आणि बंद वास उघडतात. पाण्यानं गोडी वर आली तर उत्तम, नुसता तुरटपणा वर आला तर समजा पिंपात मुक्काम जास्त झाला.

शेवटची परीक्षा झाकून. शेजारी मेकर्स मार्क ठेवा. तीही गव्हाचीच, वयानं कोवळी. चिठ्ठ्या ग्लासाखाली घालायचं काम आमच्या हिचं. ती पीत नाही, पण नाक माझ्यापेक्षा तिखट. कोल्हापूरच्या मित्रानं २० वर्षांची एक महागडी दिली होती, तिला हुंगून ही म्हणाली, “अहो, हे आजीच्या कपाटासारखं येतंय, खायचं काहीच नाही यात.” मी मात्र चिठ्ठी उलटून किंमत आठवली आणि दोन गुण वाढवले. तेव्हापासून वहीत वास, चव, शेवट यांच्यापुढं चौथा रकाना आहे: ‘नाव कळल्यावर मत बदललं का?’ पॅपी व्हॅन विंकलसारखं महागड्या बर्बनचं गाजलेलं नाव समोर असलं की हा रकाना आधी भरा.

दारूचा परवाना असू द्या आणि त्या दिवशी गाडीला हात लावू नका.

रिकामा ग्लास रात्री धुऊ नका. सकाळी हुंगा. वेलरच्या ग्लासात काकवी आणि ओल्या मक्याचा वास होता. त्या २० वर्षांच्या ग्लासात नुसतं कपाट.