तरंग शिकताना या चुका टाळा

जर्नल तपासताना मला धास्ती वाटते ती 332 या आकड्याची. अनुनाद नळीचा प्रयोग असला (नळीतल्या पाण्याची पातळी बदलत, तोंडाशी वाजता नादकाटा धरून, नळी जोरात घुमते त्या लांब्या शोधायच्या) की निम्म्या जर्नलांत ध्वनीचा वेग बरोब्बर 332 मीटर प्रति सेकंद येतो, कारण पुस्तकात तोच छापलेला असतो. पण तो 0 अंश सेल्सिअसच्या हवेतला वेग आहे, आणि तिथेही नेमका आकडा 331 च्या आसपास. प्रयोगशाळेची हवा 0 अंशाला असते का, हे कुणी विचारतच नाही.

एकदा एका विद्यार्थिनीचं जर्नल समोर आलं. नादकाटा 512 हर्ट्झचा, पहिला अनुनाद 15.8 सेंटिमीटरवर, दुसरा 48.2 वर, उत्तर 332. दुसऱ्या आकड्याखाली खोडरबराच्या खुणा होत्या. मी म्हटलं, ‘चल, पाणी 48.2 वर आण आणि नादकाटा धर.’ नळी घुमेना. मग पाणी हळूहळू खाली नेत गेलो, तर 49.9 ला ती स्पष्ट घुमली. तिने खोडलेला आकडा तोच होता! दोन अनुनादांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी (तरंगाच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर); त्याची दुप्पट गुणिले 512 केलं की वेग येतो 349, आणि भिंतीवरचा तापमापक 30 अंश दाखवत होता. दर अंशाला वेग सुमारे 0.6 ने वाढतो, म्हणजे 331 मध्ये 18 मिळवले की 349. पोरीचं मोजमाप चोख होतं आणि पुस्तकाच्या धाकाने तिने ते पुसून टाकलं. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ‘उत्तर जुळलं का?’ हा प्रश्न तिला आम्हीच रोज विचारत होतो.

तेव्हापासून माझ्याकडे प्रयोगाच्या पानावर सर्वांत आधी तापमान लिहावं लागतं. नोंद पेनाने करायची. चुकली तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पाणी खाली नेताना एक वाचन, वर आणताना दुसरं, मग सरासरी. नादकाटा टेबलाच्या कडेवर आपटायचा नाही, रबराच्या ठोकळ्यावर मारायचा.

याच प्रयोगातला लाडका शॉर्टकट म्हणजे पहिला अनुनाद मिळाला की तो पाव तरंगलांबी धरून त्याला चारने गुणून मोकळं होणं. वरच्या 15.8 च्या वाचनात तसं केलं तर वेग 324 येतो. नळीच्या उघड्या टोकाशी हवेची हालचाल सर्वांत जास्त असते ती जागा तोंडाच्या थोडी बाहेर असते, साधारण आतल्या व्यासाच्या 0.3 पट. चार सेंटिमीटर व्यासाच्या नळीत हा फरक 1.2 सेंटिमीटरचा पडतो. दोन वाचनांची वजाबाकी केली की तो आपोआप निघून जातो. दुसरं वाचन घ्यायला पाच मिनिटं लागतात, आणि ती वाचवणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

दुसरी चूक प्रकाशाची. लाल प्रकाशाची तरंगलांबी हवेत 650 नॅनोमीटर. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिथे किती पट मंदावतो तो आकडा, 1.33, म्हणून पाण्यात ती 489 होते. इथवर सगळे बरोबर असतात. मग कुणीतरी ठामपणे लिहितो, ‘म्हणून लाल प्रकाश पाण्यात निळसर दिसतो.’ अरे, पाण्यात डोकं घालून लाल वस्तू बघितली आहेस का? हाताच्या अंतरावर ती लालच दिसते. पृष्ठभागावर सेकंदाला जितके तरंग येऊन पोचतात तितकेच पुढे जातात. मध्ये ते साठत नाहीत आणि नवे तयारही होत नाहीत. म्हणून वारंवारता तीच राहते, वेग कमी होतो आणि तरंग जवळजवळ येतात. रंग वारंवारतेशी बांधलेला आहे. शिवाय प्रकाश पाण्यातून येवो की हवेतून, दृष्टिपटलावर पोचण्याआधी तो डोळ्यातल्या द्रवातून जातोच. तिथली तरंगलांबी दोन्ही वेळा सारखीच असते.

या चुकीचं मूळ मला ‘वेग = वारंवारता × तरंगलांबी’ या सूत्राच्या त्रिकोणात दिसतं: एक अक्षर बोटाने झाकायचं आणि उत्तर काढायचं. त्रिकोण गुणाकार-भागाकार सांगतो, पण कोणती राशी कोण ठरवतं हे सांगत नाही. वारंवारता उगम ठरवतो, वेग माध्यम ठरवतं, आणि तरंगलांबी त्या दोघांवरून निघते. गणित सुरू करण्याआधी मी हे तीन शब्द फळ्यावर लिहितो आणि प्रत्येकापुढे त्याचा धनी लिहितो. हे न केल्यामुळेच ‘वारंवारता दुप्पट केली की वेग दुप्पट’ असलं उत्तर येतं. तसं असतं तर दूरवरून वाजणाऱ्या बँडमधली बासरी आधी आणि ढोल मागून ऐकू आला असता.

ध्वनीचा आलेख नागमोडी काढतात म्हणून हवाही वरखाली हलते, असं समजू नका. हवेचे कण तरंगाच्या दिशेनेच पुढेमागे होतात, आणि आलेखाची उंची फक्त ते किती सरकले हे दाखवते.

प्रतिध्वनीत अंतर दोनदा कापलं जातं. दोनने भागा.

60 डेसिबलचे दोन स्वतंत्र आवाज एकत्र आले की 120 होत नाहीत, सुमारे 63 होतात. तीव्रता दुप्पट होते, आणि त्या मोजपट्टीवर दुप्पट म्हणजे फक्त तीनची वाढ.

आणि आलेखावरून तरंगलांबी सांगण्याआधी आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा. तिथे अंतर असेल तर दोन शिखरांमधली लांबी म्हणजे तरंगलांबी; वेळ असेल तर तो आवर्तकाल, म्हणजे एका तरंगाला लागणारा वेळ. चित्र दोन्हींचं हुबेहूब सारखं दिसतं. मी आलेख हातात आला की आधी आडव्या अक्षाच्या एककाभोवती गोल करतो आणि मगच शिखरांकडे बघतो.